लग्नाच्या सुपारीत (ठरवलेल्या कार्यक्रमात) तयारी, म्हणजे रियाजाने कमावलेलं कसब, किती दाखवायची? (बासरी, चौघांचा संच)

मिरज_बासरी:

नमस्कार मंडळी.

मी मिरजेचा. बासरी वाजवतो. शाळेत असल्यापासून एकाच गुरुजींकडे शिकतोय आणि सकाळचा रियाज अजून सोडलेला नाही. आमचा चौघांचा संच आहे: बासरी, कीबोर्ड, तबला-ढोलकी आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य). सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, कधी निपाणी-बेळगावपर्यंत रिसेप्शनच्या सुपाऱ्या घेतो. दिवाळीत एखादी पहाट, गणपतीत एखादी सोसायटी.

अडचण अशी. रिसेप्शनची सुरुवात आम्ही यमन रागाने करतो. पाच-सात मिनिटं आलाप, मग तीनतालात मध्यलयीची गत, शेवटी द्रुत. मनापासून वाजवतो. पाहुणे येत असतात, खुर्च्या ओढल्या जात असतात, फोटोवाला नवरा-नवरीला हनुवटी वर करायला सांगत असतो आणि आमच्याकडे एकाचीही मान वळत नाही. पुढचं गाणं जुन्या हिंदी सिनेमातलं. साधा मुखडा, एकही हरकत (सजावटीची छोटी सुरावट) न घेता. पहिल्याच ओळीला चार टेबलं वळून बघतात. एखादी आजी ओठातल्या ओठात म्हणायला लागते, कुणीतरी फर्माईशीची चिठ्ठी आणून देतं.

तबलजी म्हणतो, यमन काढून टाकू, मुखडे जोडून मेडली करू. कीबोर्डवाला म्हणतो, अर्धं-अर्धं करू. आणि मुलीचे वडील सुपारी देताना सांगतात, "शास्त्रीय नको, पण दर्जेदार पाहिजे." यातून नेमकं काय घ्यायचं?

लोकांना कळत नाही, हे मला पटत नाही. आमच्याकडे मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला ख्यालगायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते. तिकीट नाही, पास नाही. बाजारातली, गल्लीतली माणसं जमिनीवर मांडी घालून विलंबित ख्याल ऐकतात, रात्र रात्र ऐकतात. तीच माणसं लग्नातही येतात.

मग लग्नात शिकलेल्याला जागा आहे का, आणि असेल तर कुठे? वर्षानुवर्षं नुसत्या चाली वाजवून हात बोथट होईल, ही भीतीही आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगावं. गोल गोल उत्तर नको. तुम्ही काय वाजवता आणि कधी वाजवता, ते सांगा.

ऑक्टोपॅड_नाशिक:

भावा, तुझा तबलजी बरोबर बोलतोय. सुरुवातीला आलाप नकोच. लोक गेटमधून आत येतानाच त्यांच्या कानावर लय पडली पाहिजे. आम्ही पहिली वीस मिनिटं थांबतच नाही. मुखडा, अंतरा, मुखडा, आणि शेवटच्या मुखड्यात मी ठेका बदलतो तेवढ्यात पुढचं गाणं सुरू. एकाच पट्टीत तीन-चार गाणी लावून ठेवायची म्हणजे बासरी बदलायला वेळ जात नाही.

पण मेडलीत सगळी गाणी एकाच लयीत बसवू नकोस. खूप जण तेच करतात आणि मग पंधराव्या मिनिटाला सगळं सारखंच वाटायला लागतं. आम्ही केरवा (आठ मात्रांचा ताल), केरवा, मग दादरा (सहा मात्रांचा), मग परत केरवा असं ठेवतो. दादरा आला की बसलेल्या माणसांची डुलण्याची तऱ्हा बदलते, स्टेजवरून दिसतं ते. मला तरी लोकांच्या टाळ्यांपेक्षा त्यांच्या पायांकडे बघितल्यावर जास्त कळतं.

गायन_शिक्षिका_पुणे:

मला वेगळं वाटतं आणि ते स्पष्ट सांगते.

माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी ठरावीक टप्प्यापर्यंत लग्नाची, कंपन्यांच्या स्नेहसंमेलनांची कामं घेऊ देत नाही. ही कामं हलकी असतात असं मी मुळीच म्हणत नाही. कारण वेगळं आहे. स्टेजवर टाळी कुठे मिळते हे गळा फार पटकन शिकतो. श्वास लांबवून धरला, टाळी. तारसप्तकात जाऊन थांबला, टाळी. झालं, पुढच्या कार्यक्रमात तो तिथेच जातो, त्याच्या पुढच्या कार्यक्रमात त्याआधीच जातो. वर्षभरात त्याच्या गाण्यात तीन-चार हमखास जागा (ठरलेल्या सुरावटी) उरतात आणि बाकीचा राग वाळून जातो. घरच्या रियाजातही त्याच जागा यायला लागतात. त्या काढायला मला दोन-दोन वर्षं घालवावी लागली आहेत.

बासरीतही हे होतंच. लांब फुंक आणि झपाट्याची तान या दोन गोष्टींवर हमखास टाळी पडते. तुम्ही लिहिलंय की हात बोथट होईल अशी भीती वाटते. मला भीती वाटते ती नको त्या दोन ठिकाणी फार धारदार होण्याची.

तुमचा सकाळचा रियाज शाबूत आहे, गुरुजी आहेत, दर्ग्याच्या सभेत जाऊन बसता. म्हणून तुम्हाला "कामं सोडा" म्हणणार नाही. पण मेडली हा उपाय मला मान्य नाही. एकेका सुंदर चालीचा मुखडा तोडून पुढे पळायचं, यात ती चाल बांधणाऱ्याचाही मान राहत नाही.

पेटीवाला_सातारा:

पोरा, मी पेटी वाजवतो. संगीत नाटकांना ऑर्गन वाजवला, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, कीर्तनाला साथ अजूनही करतो. लग्नं तर भरपूर झाली. बाईंनी टाळीबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. तरी लग्नातही तयारी लागते, आणि खूप लागते, असं माझं म्हणणं आहे. ती कुठे खर्च करायची, एवढाच प्रश्न आहे.

तुझा यमन लोकांना आवडला नाही असं समजू नकोस. तो त्यांच्यापर्यंत धड पोचलाच नसणार. पुढच्या वेळी कार्यालयात माणसं यायच्या आत मधोमध उभा राहा आणि एक जोरात टाळी वाजव. खाली फरशी, बाजूला काचा, वर स्लॅब नाहीतर पत्रा. टाळी दीड-दोन सेकंद घुमत राहते. आता हिशोब कर. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौपटीची तान, मात्रेला चार स्वर, म्हणजे सेकंदाला ८ स्वर. पहिला स्वर विरायच्या आत त्याच्यावर बारा-पंधरा स्वर येऊन पडलेले असतात. खुर्चीवरच्या माणसाला ऐकू येतो तो गलका. तान शुद्ध होती, पण ती तुझ्या मॉनिटरपुरती, म्हणजे स्टेजवर तुला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरपुरती. त्याच कार्यालयात मध्यलयीची एक ओळ, दोन स्वरांत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ठेवून, ओळीनंतर श्वासभर गप्प राहून वाजव. शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जाते. हॉल भरला की माणसं आणि कपडे आवाज पितात, घुमणं कमी होतं. जलद काही वाजवायचंच असेल तर तेव्हा.

लॉनवर घुमत नाही, पण तिथे वेगळंच दुखणं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटरवर जेवणाऱ्याला स्टेजवरच्या स्पीकरचा स्वर एक दशांश सेकंद उशिरा पोचतो, आणि मध्ये आणखी स्पीकर उभे केलेले असतील तर एकच स्वर दोनदा ऐकू येतो. ज्याला आपण नाजूक हरकत म्हणतो ती तिथे तोतरी वाटते.

दुसरी गोष्ट सुराची, आणि बासरीवाल्याला ती सगळ्यात जास्त नडते. हवा तापली की बासरी चढते, गारठली की उतरते. एका अंशाला जवळजवळ ३ सेंट (शेजारच्या दोन स्वरांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). फुंकीची ऊब नळीत असते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण दिवाळी पहाटेला साडेपाचला जी बासरी कीबोर्डशी जुळली होती, तीच ऊन अंगावर आल्यावर वीसेक सेंट वर गेलेली असते. कीबोर्ड जागचा हलत नाही. समोरच्याला 'सेंट' कळत नाहीत, पण काहीतरी टोचतंय हे कळतं, आणि तो बोलायला लागतो. ओठांनी बासरी फिरवून तू थोडं सांभाळशील. अख्खा कार्यक्रम ओठांनी सांभाळणं हा मात्र छळ आहे. कीबोर्डमध्ये मास्टर ट्यूनिंग असतं, अख्ख्या कीबोर्डचा सूर एकदम वर-खाली करायची सोय. ४४० चं ४४५ केलं की वीसेक सेंट वर जातो. हे तू पहिल्या दोन गाण्यांत ऐकून ओळखायचं आणि कीबोर्डवाल्याला खुणेने सांगायचं. ही तयारीच आहे. तिला टाळी पडत नाही. तिच्यामुळे माणसं खुर्चीत बसून राहतात.

आता वाजवायचं कसं. ओळखीच्या गाण्याचा मुखडा पहिल्यांदा जसाच्या तसा. दुसऱ्यांदाही जसाच्या तसा. त्यात हरकत घातलीस तर माणूस गाणं ओळखण्यात अडकतो, त्याला आनंद होत नाही. मग अंतरा. त्यानंतर मूळ गाण्यात जिथे म्युझिक पीस असतो, तो पीस न वाजवता ती जागा तुझी. केरव्याची दोन आवर्तनं, १६ मात्रा, मध्यलयीत जेमतेम दहा सेकंद. त्यात गाण्याचाच राग धर. जुनी गाणी बघ, यमन, पहाडी, पिलू, भैरवी, देस, यांच्या आसपासच फिरत असतात. म्हणजे तुझा यमन तिथे आहेच, फक्त दहा-दहा सेकंदांत आहे. आणि मुखड्यातल्या समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) अक्षरावर नेमका ये. ज्याने आयुष्यात 'सम' हा शब्द ऐकला नाही त्याचीही मान तिथे हलते. दहा सेकंदांत रागाचा चेहरा दाखवायचा आणि वेळेवर परत यायचं, हे सात मिनिटांच्या आलापापेक्षा सोपं आहे असं ज्याला वाटत असेल त्याने करून बघावं.

नाटकवाल्यांनी हेच केलं. 'मानापमान' आलं १९११ साली, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ख्याल-ठुमरीच्या वळणाच्या चाली, पण चार ओळींच्या पदात बसवलेल्या. लोक पदं गुणगुणत घरी गेले आणि त्यांच्या नकळत राग कानात मुरले. वन्समोअर आला की गाणारा तीच ओळ घ्यायचा, पण वेगळ्या वाटेने. ओळ ओळखीची, वाट नवी. आणि साथीला कोण? अहमदजान थिरकवाँ. तबल्यातला एवढा मोठा माणूस, पुढे १९७० साली पद्मभूषण मिळालेला, तो बालगंधर्वांच्या मंडळीत बरीच वर्षं पदांना ठेका धरत होता. एकल वादन करायचं तेव्हा सगळं भांडार उघडायचं, पदाला साथ करताना पद पुढे न्यायचं. त्यात त्यांची विद्या कमी झाली असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आणखी एक बघून ठेव. मुहूर्ताच्या लग्नातला चांगला सनईवाला. मंगलाष्टकं चालू असतात, आत्या, मामा, काका, जो तो आपापल्या पट्टीत शार्दूलविक्रीडिताची ओढाताण करत असतो. सनईवाला गप्प. पण त्याची नजर भटजींवर. सनईची पत्ती ओली करून तोंडाशी धरलेली, श्वास भरलेला. शेवटचं 'सावधान' झालं, 'वाजवा रे वाजवा' म्हणतात त्याच क्षणी सनई-चौघडा उसळला पाहिजे. अर्ध्या श्वासाचा उशीर झाला तर अक्षता जमिनीवर पडून गेलेल्या असतात. तिथे तो कोणता राग वाजवतो हे शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं, पण तो क्षण त्याने उचललेला असतो. मंडपातल्या माणसांच्या अंगावर काटा येतो तो त्याच्यामुळे.

यमन सोडू नकोस. फक्त दारात उभा करू नकोस.

कार्यक्रम_नियोजन_कोल्हापूर:

मी सुपारी देणाऱ्यांच्या बाजूने बोलते, कारण लग्नाचं नियोजन हेच माझं काम आहे.

"शास्त्रीय नको, पण दर्जेदार पाहिजे" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकते. त्यांना म्हणायचं असतं ते असं: पाहुण्यांना आपण परीक्षेला बसलोय असं वाटू नये, आणि बेसूरही नको. एवढंच. त्यामुळे त्या वाक्यावर वाईट वाटून घेऊ नका. त्यांना उलट विचारा. घरातली मोठी माणसं कोणती गाणी ऐकतात? आजी-आजोबा येणार आहेत का? मुलीचं, मुलाचं लहानपण कुठल्या गाण्यांत गेलं? घरात कुणी गायचं का? चार गाण्यांची नावं मिळतात. ती चार गाणी तुम्ही नीट बसवून आणलीत तर बाकीच्या वेळात तुम्ही काय वाजवलं याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

वेळेचंही सांगते. उघड्या लॉनवर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. म्हणजे हातात साडेसात ते दहा. पहिला पाऊण तास लोक येतात, आहेराच्या रांगेत उभे राहतात, एकमेकांना वर्षांनी भेटतात. त्यांना बोलायचं असतं आणि बोलू द्यायला हवं. या वेळात आवाज कमी ठेवा. मागच्या हंगामात एका संचाने लोक ऐकत नाहीत म्हणून आवाज वाढवला, मग लोक आणखी मोठ्याने बोलायला लागले, मग त्यांनी आणखी वाढवला. शेवटी मला जाऊन थांबवावं लागलं. साधारण साडेआठ ते सव्वानऊ ही तुमची वेळ. जेवून झालेली मंडळी खुर्च्या ओढून बसतात, लहान मुलं स्टेजसमोर येतात. सव्वानऊनंतर तरुण मंडळींना नाचायचं असतं, तेव्हा डीजे नसला तर ऑक्टोपॅडवाल्याला पुढे करा.

पखवाज_कुडाळ:

बाईंचा आणि पेटीवाल्या काकांचा मुद्दा वाचून आमच्याकडची डबलबारी आठवली, म्हणून लिहितोय. सिंधुदुर्गात दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने भजन करतात. बुवाच्या हातात पेटी, बाजूला पखवाज, झांज, मागे साथीला पोरं. रात्री सुरू झालेला सामना पहाटेपर्यंत चालतो. आणि समोर बसलेला माणूस कुठल्याही सभेतल्या रसिकाइतकाच तिखट कानाचा असतो. पखवाजाच्या धुमेची (डाव्या बाजूच्या पुडीची) कणीक सुकली, आवाज बसला, तर पहिल्या रांगेतलं पोर सांगतं.

तिथे मी काय शिकलो? लोकांना तयारी बघायची असते, खूप आवडते. पण ती मागितल्यावर. बुवा अभंग लावतो, शब्द लोकांपर्यंत पोचवतो, हळूहळू चढवतो, मग माणसंच ओरडतात, "बुवांनू, गजर होवंदे!" त्या गजरात बुवा माझ्याकडे बघून हात मोकळा सोडायला सांगतो, तेव्हा मी रेले (वेगवान बोलांची रांग) वाजवतो, तिहाई (तीनदा घेऊन समेवर संपणारा तुकडा) लावतो, आणि मंडप उठतो. हाच रेला मी अभंगाच्या पहिल्या कडव्यात वाजवला तर समोरचा म्हातारा हात वर करून थांबवेल. शब्द ऐकू येत नाहीत म्हणून.

बासरीवाल्या दादाला एक सुचवतो. तुमच्या तबलजीला मेडली का हवी असते, ते त्याला एकदा विचारा. तुमच्या सात मिनिटांच्या आलापात तो हात मांडीवर ठेवून बसलेला असतो. पावसाळी हवेत तेवढ्या वेळात तबला उतरतो, ढोलकीची शाई थंड पडते. त्याला कार्यक्रमात एखादी मोकळी जागा द्या, साडेआठनंतर, दोन मिनिटांची लग्गी (ठेक्यावरचं जलद, खेळतं वादन). तो तुमच्या यमनासाठी भांडेल.

मिरज_बासरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. टाळी वाजवून हॉल ऐकायचा, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आणि तबलजीबद्दल कुडाळच्या दादांनी लिहिलंय ते त्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण खूश झाला.

काकांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, रिसेप्शनला बासरी कोणत्या पट्टीची घेऊ? रियाजाची माझी पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर सा), खर्जाला गोड आहे, पण लॉनवर तिचे खालचे स्वर हरवतात. दुसरं, बाई म्हणतात तसं हातात हमखास जागा बसू नयेत म्हणून तुम्ही काय करत आलात? दहा सेकंदांची जागा असेल तर दर वेळी तीच तीन वाक्यं येणार, असं मला वाटतंय.

पेटीवाला_सातारा:

पांढरी तीन घरी ठेव असं नाही म्हणणार, ती साडेआठनंतरच्या एखाद्या गाण्याला काढ. तिच्यासाठी माईक जवळ लागतो, आणि जवळ घेतला की फुंक आपटते. माईक तोंडाच्या भोकासमोर धरू नकोस, किंचित वर आणि बाजूला ठेव, म्हणजे फुंक त्याच्यावरून निघून जाते आणि स्वर राहतो. साउंडवाल्याला बासरीचा अगदी वरचा कर्कश भाग थोडा कापायला सांग. बाकी वेळ काळी चार किंवा पांढरी पाचची मधली बासरी बरी. तिचे मधल्या सप्तकातले स्वर बोलणाऱ्या माणसांच्या गलबल्यातून वर येतात. गाण्याची मूळ पट्टी काहीही असो, कीबोर्डवाला ट्रान्सपोज करेल, म्हणजे पट्टी बदलून घेईल. मूळ पट्टीचा हट्ट लग्नात कुणी धरत नाही.

जागांबद्दल. तुझा प्रश्न बरोबर आहे, तीन वाक्यं बसतातच. मी एक नियम पाळत आलो. ज्या जागेला टाळी पडली ती जागा पुढच्या कार्यक्रमात वाजवायची नाही. मोह होतो, फार होतो. त्या दिवशी तिथे आलो की मुद्दाम दुसरीकडे वळायचं, साधं काही वाजवायचं, प्रसंगी नुसता एक स्वर धरायचा. त्यातून पुष्कळदा आधीपेक्षा बरं काहीतरी निघतं. नाही निघालं तर दहा सेकंदांत मुखडा आहेच, कुणाचं काही बिघडत नाही. मोठ्या मैफिलीत एवढी मोकळीक नसते. म्हणून मी बाईंना अदबीने सांगेन, नवं करून बघायला लग्नासारखी जागा नाही.

आणि रियाजात एक भर घाल. सुपारीत असलेलं एक गाणं घे, त्याचा राग ओळख, आणि सकाळी तो राग पूर्ण कर. आलापापासून. गाणं पिलूत असेल तर आठवडाभर पिलू. पिलूत दोन्ही गंधार, दोन्ही निषाद कुठून कुठे जातात ते नीट बसव. मग संध्याकाळी त्या दहा सेकंदांत हाताला पर्याय असतात. ज्यांची वाक्यं संपतात त्यांनी गाण्याची फक्त चाल पाठ केलेली असते. गुरुजींना विचारून कर. ते हो म्हणतील.

तबलजीलाही यात ओढ. तुझ्या दोन आवर्तनांत त्याने काय करायचं ते आधी बोलून घ्या. तू भरतोस तेव्हा त्याने साधा ठेका धरायचा, तू लांब स्वर धरतोस तेव्हा त्याने भरायचं. दोघांनी एकदम भरलं तर कुणाचंच ऐकू येत नाही, आणि चौघांच्या संचात हेच सगळ्यात जास्त होतं.

कीबोर्डवाल्याला सांग, मास्टर ट्यूनिंग कुठल्या मेनूत आहे ते घरीच शोधून ठेव आणि चार-पाचदा करून बघ. ऐन कार्यक्रमात बटणं चाळत बसायची वेळ येऊ नये.